दोनदाच लावता येतो डोक्याला हात

...आणि वर मलाच म्हणतात, शांत व्हा! कसा होऊ शांत? एक्केचाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षं आमच्या बफेलोच्या टीमने अंतिम फेरीचं तोंड पाहिलेलं नाही, आणि परवा ती दिसायला लागली होती, ही अशी, हाताच्या अंतरावर... आणि गेली! कशापायी? डोक्याला हात लावता आला नाही म्हणून! हसू नका. खरंच सांगतोय. आमच्याकडे बेसबॉलमध्ये हल्ली न्याय हवा असेल तर डोक्याला हात लावावा लागतो!

जुनं बरं होतं हो. पिचर चेंडू टाकतो, पंच मागे वाकून उभा, चेंडू चौकटीतून, म्हणजे बॅटवाल्याच्या छातीपासून गुडघ्यापर्यंतच्या न दिसणाऱ्या खिडकीतून, गेला तर ओरडतो 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटवाला घरी, चार बॉल झाले की फुकटात पहिल्या बेसवर. पंच चुकला की आम्ही चाळीस हजार माणसं त्याचा उद्धार करायचो... त्याचे डोळे, त्याचा चष्मा, त्याचा चष्मेवाला, कोणालाही सोडायचो नाही... आणि मोकळे होऊन घरी जायचो. तब्येत कशी ठणठणीत! आता आलं यंत्र. पंच चुकला असं वाटलं तर खेळाडूने तिथल्या तिथे डोक्याला हात लावायचा, की मोठ्या पडद्यावर तोच चेंडू चित्रात पुन्हा येतो आणि यंत्र निकाल देतं. खेळाडूचं बरोबर निघालं तर ठीक, पण खेळाडूच चुकला तर तो हात वाया. असे दोन हात वाया गेले की संपलं! मग पंचाने ढगातून गेलेल्या चेंडूला स्ट्राइक म्हटलं तरी गुपचूप बसा. म्हणजे यंत्राला दिसतंय सगळं, हं! एकूण एक चेंडू दिसतोय. पण विचारल्याशिवाय बोलणार नाही. माझ्या बायकोच्या, लोरेटाच्या, माहेरची माणसं तंतोतंत अशी. आपला खड्ड्यात पाय पडेपर्यंत बघत राहतील, आणि मग म्हणतील, "हो, दिसला होता की आम्हाला!"

तर परवाचा सामना. मालिकेतला पाचवा, शेवटचा. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. समोर टक्सनवाले. मी आणि लोरेटा दुपारी एकपासून स्टेडियमातल्या खुर्चीत. अजून हॉट डॉगला मोहरीची चटणी लावून होते न होते तोच, दुसऱ्याच डावात, आमचा तो कॉर्डेल... बावीस वर्षांचं कार्टं, गळ्यात साखळी, केसांना रंग... चेंडू मधोमध गेला हो! लोरेटाच्या आजीनेसुद्धा स्ट्राइक म्हटलं असतं, आणि ती जाऊन तीस वर्षं झाली! तर हा पठ्ठ्या काय करतो? डोक्याला हात! पडद्यावर चेंडू आला, बरोब्बर चौकटीच्या पोटात. गेला एक.

लोरेटा म्हणाली, "असू दे कॅझ, एक शिल्लक आहे."

शिल्लक! चौथ्या डावात आमचा पिचर, हायनेक. चेंडू टाकला वीतभर बाहेर. पंच म्हणाला बॉल. बरोबरच होतं ना! पण याला कसलं बरोबर? आपण टाकलेला चेंडू म्हणजे आपलं लेकरू, ते वाईट कसं असेल? डोक्याला हात! गेला दुसरा. चौथ्या डावात! अजून पाच डाव बाकी, आणि आमचे हात रिकामे. मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, "अरे, डोकं असेल तर लावा रे हात!"

"खाली बस," लोरेटा म्हणाली, "मागच्यांना दिसत नाहीये."

"त्यांना दिसून काय उपयोग? यंत्राला तरी कुठे उपयोग झाला?"

आणि आता ऐका, नववा डाव. आमची शेवटची बॅटिंग. एका धावेने मागे, तिन्ही बेसवर आमची माणसं, दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास. बॅटवर रेमन ऑलिवो. एकोणचाळीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, रिटायर व्हायच्या बेतात. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल की सगळे एकेक बेस पुढे, धाव आपोआप, बरोबरी! चाळीस हजार माणसं उभी, आणि लोरेटा माझ्या दंडात नखं रुतवतेय. चेंडू आला. खाली. गुडघ्याच्या खाली! ऑलिवोने शहाण्यासारखा सोडला, बॅट टाकली, पहिल्या बेसकडे निघालासुद्धा...

"स्ट्राइक थ्री!"

काय? काय म्हणालास?

ऑलिवो गर्रकन वळला, हात वर उचलला... आणि अर्ध्यावर त्याला आठवलं. हात तसाच हवेत. मग त्याने हळूच हेल्मेट काढलं, दुसरं काही करताच येत नव्हतं ना. आणि तुम्हाला सांगतो, मी बावन्न वर्षं स्टेडियममध्ये जातोय, असं कधी पाहिलं नाही, आमची चाळीस हजार माणसं, म्हातारे, बायका, पॉपकॉर्नवाला, सगळ्यांनी एकदम डोक्याला हात लावला! यंत्रा, बघ रे! बोल रे! पडदा काळाकुट्ट. आणि प्रत्येकाच्या फोनवर तेव्हाच आलेलं... चेंडू दोन बोटं खाली. बॉल! सगळ्या जगाला ठाऊक, बॉल! आणि आम्ही बाद.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कामावर. मी हॉटेलची व्हॅन चालवतो, विमानतळापर्यंत. पहिल्या फेरीला एकच प्रवासी, बॅगेला लोखंडी जाळीचा मुखवटा लटकवलेला. मी मुखवटा पाहिला. मग माणूस पाहिला. हो... तोच! सामन्यातला पंच, एल्डन प्रुइट! आदल्या रात्री जेवताना ज्याच्या सात पिढ्या मी नावानिशी काढल्या, तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावतोय!

आता अंगावर कंपनीचा शर्ट, छातीवर नाव. बोलणार काय?

"काल सामना पाहिलात?" तेच विचारतात.

"छे," मी म्हणालो, "मला बेसबॉलची आवड नाही."

"घसा बसलाय तुमचा."

"सर्दी."

दोन मैल गेले. मग खिडकीबाहेर बघत म्हणतात कसे, "शेवटचा चेंडू बॉल होता. मी चुकलो."

स्टिअरिंग माझ्या हातात पिळून निघालं हो!

"मुलीने चित्र पाठवलं," ते म्हणाले. "नुसतं चित्र. चेंडू आणि चौकट. खाली एक अक्षर लिहिलं नाही. पण मला त्याआधीच कळलं होतं. तोंडातून शब्द बाहेर पडला ना, तेव्हाच. ऑलिवोचा हात वर जाताना बघून मनात म्हटलं, लाव बाबा, लाव डोक्याला हात, सोडव मला! तर तुमच्या पोरांनी दोन्ही आधीच उधळलेले."

संपलं! सर्दी गेली, शर्ट गेला, कंपनी गेली. मी ओरडलो, "अहो, मग तुम्हीच का नाही लावलात डोक्याला हात?"

"पंचाला परवानगी नाही."

"परवानगी नाही? एक्केचाळीस वर्षं, साहेब! तो माणूस दोन फुटके गुडघे घेऊन नऊ डाव उभा राहिला! माझी बायको रडली, साहेब! ती बापाच्या अंत्ययात्रेत रडली नव्हती!"

"तुमचं वळण गेलं," ते म्हणाले.

"विषय बदलू नका!"

"विमानतळाचं वळण. मागे गेलं."

"काही गेलेलं नाही! इथं जन्म गेला माझा!"

गेलं होतं हो. या वेळी पठ्ठ्याचा निर्णय अचूक! पुढचं वळण चार मैलांवर, तिथं रस्ता खोदलेला, ट्रकांची ही रांग, आणि त्या रांगेत आम्ही दोघं, पंचेचाळीस मिनिटं. काय करणार? लोरेटाने डब्यात पिरोगी दिल्या होत्या, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या. अर्ध्या त्यांना दिल्या. द्यायच्या नव्हत्या! पण माणूस कालपासून जेवला नव्हता. खाताना म्हणाले, "गुडघ्याजवळचा चेंडू दिसायला अवघड असतो." मी म्हणालो, "मग वाका जरा." म्हणाले, "माझेही गुडघे गेलेत." आता याच्यावर शिवी तरी कुठली द्यायची, सांगा!

विमानतळावर पोचेपर्यंत विमान गेलं. पुढचं संध्याकाळी. ऑफिसात फोन केला, तर मॅनेजर म्हणते, "साहेबांना परत हॉटेलवर घेऊन ये, आणि नीट बोल त्यांच्याशी!" म्हणजे परत तोच मी, तीच व्हॅन, शेजारी तोच माणूस!

परत येताना खोदकामाच्या पुढे रस्त्याला फाटे फुटलेले, पाट्या आडव्या पडलेल्या. फोनमधली बाई म्हणते, उजवीकडे वळा. हे म्हणतात, "नाही, डावीकडे. जाताना मी पाहिलंय."

मी ब्रेक दाबला. मागचे ट्रक भोंगे वाजवतायत. मी त्यांच्याकडे वळून, अगदी मॅनेजरने सांगितलं तसं नीट, विचारलं, "साहेब, नक्की पाहिलंत?"

"नक्की," ते म्हणाले. "कालच्याइतकंच."

...घेतली हो डावीकडे! करता काय? पंच आहेत.