चर्चच्या दारातले बूट

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी सालची गोष्ट. अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीला रांग होती. माझ्यापुढं सुती साडीतली मिशनची मडम, तिच्यापुढं रिकामी घागर घेतलेली एक म्हातारी.

“घागर घेऊन कुठं निघालात, मावशी?” मडमेनं विचारलं.

“लेकीकडं. तिच्या आडाला पाणी हाय म्हणं. आन् तुम्ही?”

“इथं राहायच्या परवान्याचं काम आहे. पूर्वी उस्मानाबादला जावं लागायचं.”

“लेकरं हायत का न्हाई?”

“एक मुलगी. इथंच वाढली. मोठी झाली तशी शाळेसाठी माझ्या आईकडं ठेवली, आमच्या देशात.”

“एवढ्या लांब? करमलं का तिला?”

“पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात बूट काढले तिनं. बाहेर बर्फ. आत बाकं सोडून खाली मांडी घालून बसली, इथल्यासारखी.”

“मग? देवाच्या घरात पायताण घालून जात्यात व्हय?”

“तिथं जातात, मावशी. माझ्या आईला लई लाज वाटली.”

“तुम्ही सांगून धाडायचं न्हाई का लेकराला?”

“माझ्याच ध्यानात राहिलं नव्हतं.”

“आता शिकली आसंल.”

“शिकली. उन्हाळ्यात सुट्टीला आली होती. इथल्या चर्चमध्ये बूट घालून आत आली.”

“आता गं बया. लोक काय म्हनले?”

“पाहुणी समजून बायकांनी तिला खुर्ची आणून दिली.”