साडेआठ मार्क कुणाला?

अरे, सिगारला मार्क देताना माझी काय फजिती झाली ते ऐका. आमचा पाच-सहा हौशी लोकांचा ग्रुप आहे. कुणी भारी सिगार ओढली की तिची चव फोनवर बोलून रेकॉर्ड करायची, दहापैकी मार्क द्यायचे आणि ग्रुपवर पाठवायचं.

त्या रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत एकटाच बसलो होतो. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, पुण्यात नोकरी लागली होती. त्यावरून आमचं वाजलं होतं आणि ती आत बॅग भरत होती. समोर पांडवलेणीचा डोंगर हळूहळू निळा होत होता.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. "पहिल्या झुरक्याला मनुका लागतात. मग भाजलेली कॉफी..."

धूर सावकाश वर चालला होता. त्याच्याकडे बघता बघता मी कुठे वाहवत गेलो, कळलंच नाही. "मीनल उद्या जाणार," मी बोलत होतो, "एवढी मोठी नोकरी मिळाली आणि मी साधं अभिनंदन केलं नाही. ती नसली की या घरात मला माझाच आवाज परका वाटतो." मग सवयीने "साडेआठ" म्हणालो आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने मीनल फोन घेऊन बाहेर आली. "तुमच्या ग्रुपमधल्या नितीनच्या बायकोने मला पाठवलंय हे," म्हणाली. शेजारच्या खुर्चीत बसून तिने धूर हाताने बाजूला सारला.

"साडेआठ मला, की सिगारला?"

"सिगारला."

"मग माझं अभिनंदन राहिलंच की!"

ते मी केलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बसपर्यंत तिची बॅगही मीच उचलली.