आईच्या चहाची तक्रार

नाही, पण मला एक सांगा, एखादा माणूस आपल्याला म्हणाला की हे कडू लागतंय, तर आपण काय म्हणतो? बघू, म्हणतो की नाही? हात पुढे करतो, कप घेतो, ओठाला लावतो आणि मग म्हणतो, छे, कुठे कडू, किंवा म्हणतो, अरे हो की. एवढी साधी गोष्ट. लहान मुलं करतात, शेजारीपाजारी करतात, ओळख ना देख अशी माणसं करतात... मी पाच वर्षं केलं नाही. पाच वर्षं, तुम्हाला सांगतो, दिवसातून दोन वेळा माझी आई माझ्या डोळ्यांसमोर तो चहा प्यायची, आणि मी समोर बसून पेपर वाचायचो. एक घोट हो, काय गेलं असतं माझं?

आणि हे करणारा मी कोण, तेही ऐकून घ्या, म्हणजे तुम्हाला माझी कीव येईल किंवा राग येईल, दोन्ही चालेल. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. तक्रार विभाग, चव आणि वास. म्हणजे पाणी कमी येतं, पाइप फुटला, ते लोक खालच्या मजल्यावर, आमच्याकडे फक्त 'पाणी कसंतरीच लागतं' वाले. सव्वीस वर्षं मी हे फोन घेतोय. "अहो, पाण्याला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय." "अहो, आमचा नळ उघडला की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." एक निवृत्त गायनमास्तर होते, ते दर महिन्याला खर्जात सांगायचे, "पाणी उतरलंय हो, स्वरात नाही." आणि एका बाईंनी तर सांगितलं, "पाणी उदास लागतं." उदास. आता वहीत काय लिहायचं? लिहिलं, उदास. आणि गेलो.

जावंच लागतं, कारण आमच्या साहेबांचा नियम. साहेबांचा घसा कायमचा बसलेला, त्यामुळे ते रागावले तरी गुपित सांगितल्यासारखं वाटतं. म्हणायचे, "हे बघा, बाटलीत औषधाचे थेंब टाका, रंग बघा, पिवळा झाला, नाही झाला, काय ते लिहा. पण प्यायल्याशिवाय परत यायचं नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या समोर, त्यांच्याच पेल्यातून एक घोट. त्याशिवाय तक्रार बंद केलीत, तर मी तुम्हाला बंद करीन." आणि मी प्यायलो हो, इमानेइतबारे प्यायलो. एका आजोबांच्या पेल्यात रात्रभर त्यांची कवळी मुक्कामाला असायची, हे मला कळलं तेव्हा घोट घशाखाली उतरला होता. त्या उदासवाल्या बाईंकडे तर दोन घोट घेतले, आणि खरं सांगू, दुसऱ्या घोटाला मलाही थोडं वाईट वाटायला लागलं. मग गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं तर आत कबूतर, मेलेलं, चांगलं आठवडाभराचं. म्हणजे बाई बरोबर होत्या. लोक बहुतेक वेळा बरोबरच असतात, फक्त त्यांना आमच्या फॉर्मवरचे शब्द येत नाहीत.

तर असा मी. अख्ख्या गावाचं पाणी तोंडात घेऊन फिरलेला. आणि माझ्या घरात माझी आई म्हणते, "अरे, हे कडू लागतंय."

पाच वर्षांपूर्वी तिच्या रक्तात साखर निघाली. फार नाही, थोडी वर. आमचे जुने डॉक्टर म्हणाले, "साखर जरा कमी करा." नीट ऐका, जरा, आणि कमी. पण आम्ही पडलो सरकारी माणसं, वरून तोंडी सांगितलेलं आम्ही कागदावर उतरवेपर्यंत त्याचा हुकूम होतो. मी घरी येऊन जाहीर केलं, साखर बंद. डबा उचलला आणि ऑफिसच्या चहाला देऊन टाकला. बायकोने माझ्याकडे असं बघितलं... मग मी साखरेऐवजी टाकतात त्या गोड गोळ्यांची डबी आणली, पांढरी, अंगठ्याएवढी, वरून दाबली की टिक करून एक गोळी चहात पडते. कपाला दोन. टिक, टिक. मला भारी कौतुक त्या आवाजाचं.

पहिल्याच दिवशी आई थांबली. कप खाली ठेवला. "कडू लागतंय रे."

"आई, कडू कसं लागेल? साखरेच्या कितीतरी पट गोड असतं ते."

"आधी गोड लागतं. मग मागून कडू येतं. इथे, जिभेच्या मुळाशी. आणि बराच वेळ राहतं."

आता मला सांगा, ही तक्रार किती नेमकी आहे? आधी काय, मग काय, कुठे, किती वेळ. सव्वीस वर्षांत इतकी स्वच्छ तक्रार माझ्या टेबलावर आलेली नाही. बुटाचं पॉलिश नाही, स्वर नाही, उदास नाही. आणि मी काय म्हणालो? "मनाचे खेळ असतात, आई." पेपरातून डोकं वर न काढता.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "किल्ली चोखल्यासारखं लागतं." मी म्हटलं, "तू कधी चोखलीस किल्ली?" सगळे हसले, मी सगळ्यात जास्त हसलो, स्वतःच्याच विनोदावर. तिसऱ्या दिवशी तिने कप माझ्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "तू पिऊन बघ ना." मागितलं हो तिने. तोंडाने मागितलं. आणि मी, जो कवळीच्या पेल्यातलं पाणी प्यायलाय, तो मी म्हणालो, "मला कशाला, मला कुठे साखर निघालीये?" एक घोट हो, काय गेलं असतं माझं?

मग मी बिनसाखरेची बिस्किटंही आणली. तर दोन दिवसांनी म्हणाली, "पोटात कोणीतरी सामान हलवतंय." मी म्हटलं, वय झालं, आई. हे उत्तर फार सोयीचं असतं, कुठल्याही प्रश्नाला बसतं.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी ती काहीच बोलली नाही. कप उचलला, प्यायली, ठेवला. मी विचारलं, "काय, आज कडू नाही?" म्हणाली, "नाही." मी बायकोकडे बघून भुवई उडवली, बघ, सवय होते. आमच्याकडे फाइल बंद करायचं एक वाक्य असतं, 'तक्रारदाराने पुन्हा संपर्क साधला नाही, सबब तक्रार निकाली.' आता आपल्यातलं म्हणून सांगतो, पाणी सुधारलं म्हणून लोक फोन करायचे थांबत नाहीत, फोन करून करून कंटाळतात म्हणून थांबतात. हे आमच्या विभागात शिपायालाही माहीत आहे. पण घरी कसं सुचत नाही बघा.

आणि ती चहापुरती नाही थांबली. तिने सगळंच बंद केलं. गुडघा दुखतो, पंखा आवाज करतो, भाजीत मीठ जास्त झालं... एकेक करून सगळं गप्प. आणि मी गाढव, मी ऑफिसात छाती फुगवून सांगायचो, "आमच्या आईची काही म्हणजे काही कटकट नाही." लोक म्हणायचे, नशीबवान आहात. मी म्हणायचो, हो ना.

मग गेल्या वर्षी जिन्यात समोरच्या नर्सबाई भेटल्या. निवृत्त आहेत, पण बोलणं अजून वॉर्डातलं. म्हणाल्या, "आईंचा अंगठा काय म्हणतो?" मी म्हटलं, "कुठला अंगठा?" त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली. "पायाचा. तीन आठवडे मी रोज ड्रेसिंग करतेय, तुम्ही दहाला बाहेर पडलात की. चप्पल चावून जखम झाली होती. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम म्हणजे काय, माहितीये ना तुम्हाला? थोडक्यात निभावलं." ती चप्पल मी आणली होती. घरात घालायला. दुकानात तिचा नंबर नव्हता, म्हणून एक नंबर लहान. मी म्हटलं होतं, सैल होईल.

वर गेलो. आईचा पाय मांडीवर घेतला, बघितला. अंगठ्याला गुलाबी नवी कातडी आलेली. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काही नव्हतं रे एवढं."

"चप्पल चावते एवढं सांगायला काय झालं?"

तर अगदी शांतपणे म्हणाली, "नवीन होती, चावायचीच. सवय होते." राग नाही, टोमणा नाही. मी तिला शिकवलेलं तिने पाठ केलं होतं.

तिचा पाय गेला असता हो. अंगठा, मग पाऊल, मग काय... आणि मला ड्रेसिंगचा पत्ता नाही. तेव्हापासून मी रोज विचारतो, आई, काही होतंय का? ती रोज म्हणते, काही नाही. कशावर विश्वास ठेवायचा?

आणि मग दोन महिन्यांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. बायकोने एक अक्षर बोलू दिलं नाही. आईचीच डबी उचलली, टिक, टिक. मी कप तोंडाला लावला. आधी गोड. म्हटलं, छान आहे की. आणि मग मागून... जिभेच्या मुळाशी... कडू. नुसतं कडू नाही, लोखंडी कडू. मी कधी किल्ली चोखलेली नाही, पण चोखली असती तर ती अशीच लागली असती. चूळ भरली, तरी जाईना. बायकोला म्हटलं, "हे कडू आहे." तिने लगेच, बघा, लगेच माझ्या हातातून कप घेतला, घोट घेतला, आणि म्हणाली, "नाही हो, गोडच आहे." तिला खरंच लागत नव्हतं. पण बघितलं तिने.

बिस्किटांचंही सांगतो. त्याच आठवड्यात ऑफिसात बैठक होती, डबा जवळ होता, गोड म्हणून नऊ बिस्किटं खाल्ली. आणि बैठकीत सगळे शांत असताना माझ्या पोटातून जो काही आवाज आला... साहेब त्या बसलेल्या घशाने म्हणाले, "कुठली लाइन आहे ही?" मी उठून जो पळालो तो अर्ध्या तासाने आलो. मग डबा उलटा करून बघितला. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, जास्त खाल्ल्यास पोट बिघडू शकतं. आयुष्यभर बारीक अक्षरं वाचून पोट भरणारा माणूस मी, आणि आईला डबा देताना एकदा उलटा केला नाही.

आमच्या नव्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, समजावून सांगतात. म्हणाल्या, "गोळ्या काही वाईट नाहीत, पुष्कळांना छान चालतात. काही जिभांना मात्र त्यातलं कडू लागतं, आणि ते बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. तुमच्याकडे आणखी कोणाला लागतं का?"

 नाक वडिलांचं, उंची मामाची, असं सगळे म्हणायचे. जीभ कोणाची, ते त्या दिवशी कळलं. एक घोट घेतला असता तर पाच वर्षांपूर्वीच कळलं असतं.

म्हटलं, "आईला साखरेचा चहा...?" त्यांनी आईचे आकडे बघितले, म्हणाल्या, "अर्धा चमचा, दिवसातून एकदा, दोघांनाही चालेल. तेव्हाही चालला असता. कोणी विचारलं नाही का?"

घरी आलो, आईसमोर बसलो. म्हटलं, "आई, खरंच कडू लागतं गं ते. माझं चुकलं." मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं, मी मान खाली घालून तयारच होतो. तर तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुला कडू लागतं? मग नको घेऊस रे." बस्. मला पाच वर्षं जे वाक्य सुचलं नाही, ते तिला एका क्षणात सुचलं.

तर परवा रविवारी मी स्वतः चहा केला. साखरेचा नवा पुडा आणला. अर्धा चमचा तिचा, अर्धा माझा, वरून सुरीने सपाट करून वाटीत काढला, आमच्या प्रयोगशाळेत काढतात तसा. चहा उकळला, गाळला, दोन कप तिच्या खोलीत नेले. पेपर घेतला नाही. तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि घोट घेतला.

"कसा झालाय?"

"छान."

"गोड लागतोय ना? साखरेचा आहे, खऱ्या."

"हो, लागतोय की. अगदी हवा तसा."

"काही वाटलं तर सांग हं, आई. काहीही असलं तरी सांग. मी ऐकीन."

"अरे, खरंच छान झालाय."

माझा जीव भांड्यात पडला. मग मी माझा कप उचलला, घोट घेतला. फिका. ठार फिका, साखरेचा कण नाही. उठून आत गेलो, तर वाटी ओट्यावर, साखर सपाट केलेली, जशीच्या तशी. परत आलो तोवर तिने कप संपवला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं रे?"

आता काय सांगणार तिला... मी म्हटलं, "काही नाही."