भुयार पाहिलं कुणी?

टाळकरी, थांबा जरा! मंडळी, आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. लढा म्हणून बोंबलणारा घरी बसतो, लढणारा मातीत जातो — मग मेलेल्याचं पाप कुणाच्या माथी? बरंय, ऐका मग!

सोनगडचा दवंडीवाला गेनू. आवाज असा, की म्हशी पान्हा चोरायच्या! तिथली रीत काय? दवंडी खरी आहे, म्हणून आधी बेलभंडारा उचलायचा. देवाची आणच ती!

एकदा गेनूनं भंडारा उचलला नि ओरडला — "ऐका हो ऐका! शेजारच्या देवळीकरांनी त्यांच्या भुयारात तोफांची दारू दडवलीय! आज नाही मारलं, तर उद्या आपली राख हो!"

गेनूनं भुयार पाहिलं होतं? छे! महाराजांच्या कारभाऱ्यानं सांगितलं, वर डोईला जरीचा मंदील दिला. झालं!

लोकांनी गुलाल उधळला. चावडीमागं भाकऱ्या विकणारी हौसाबाई — तिचा थोरला मल्हारी भाला घेऊन गेला. गेला तो गेलाच. आणि भुयारात निघालं काय? वटवाघळं!

कुणी 'चुकलं' म्हणालं? अहो, कारभारी म्हणे, "हेतू शुद्ध होता." गेनू म्हणे, "मी फक्त दवंडी पिटली." वा रे! विंचू म्हणतो, मी फक्त नांगी टेकवली!

वर्ष गेलं. पुन्हा ढोल! आता म्हणे डोंगरापलीकडं शत्रू. घरटी एक माणूस द्या! हौसाबाईकडं उरला एकच — धाकटा किसन. बाई पिठाच्या हातानं उठली, थेट चावडीवर. महाराज बसलेले, भंडाऱ्याचं ताट आलेलं.

"थांब गेन्या! मागं भुयार पाहिलं होतंस?"

"मावशे, तसं बघायला गेलं तर..."

"तसं नगं. पाहिलं का?"

"...नाही."

"आन् आता डोंगरापलीकडचं?"

"कारभारीसाहेबांनी पाहिलं असंल की!"

"मग त्यांनी उचलावा भंडारा."

कारभारी चपापला. "मला महाराजांनीच सांगितलं..."

ताट सरकलं महाराजांपुढं. महाराज म्हणाले, "आमचा हात दुखावलाय." अहो, आत्ता त्याच हातानं मिशी पिळत होते की!

गर्दीतनं एकजण ओरडला, "ही बाई फितूर आहे!"

हौसाबाई वळली. "ये बाबा, तू उचल. आन् तुझ्या पोराचं नाव पहिलं लिही."

गडी माणसांत असा बुडाला, की टोपीसुद्धा दिसंना!

बाईनं किसनचं मनगट धरलं, चालू लागली. तिच्यामागं दुसरी आई, तिसरी आई... चावडी रिकामी. खाली ताट, वर महाराज!

हसताय? हसा! आता माझ्याकडं बघा. आजचा गेनू कोट घालून टीव्हीत बसतो, त्याला मंदीलही रोज नवा. पण सकाळी मोबाईलवर 'घुसा, मारा!' आलं, ते अंगठ्यानं पुढं कुणी ढकललं? त्या गेनूनं? पुढच्या रांगेतले, खाली काय बघताय?

घरी जा. झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर एक हात ठेवा — आणि दुसऱ्या हातानं तेच पुन्हा धाडून दाखवा!