सहा गावांची दलदल आणि माझा एक हात

नाही, पण मला एक सांगा, हात वर केला म्हणजे मत दिलं, असं कुठे लिहिलंय? माणूस काय फक्त ठराव मंजूर करायलाच हात वर करतो? बस थांबवायला करतो, पंखा बंद करा म्हणून करतो, फळीवरचा डबा काढायला करतो... मी केला होता प्रश्न विचारायला. तीन शब्दांचा प्रश्न होता हो, दादाचं काय करणार, एवढाच. तो तोंडातून बाहेर पडायच्या आत अध्यक्षबाईंनी हात मोजला, कारकुनाने वहीत लिहिला आणि समुद्र आमच्या घरात शिरला. म्हणजे असा एकदम घुसला नाही, निविदा काढून, रीतसर आला. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला काही वाटलं नाही.

आता मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी बांधाच्या फाटकावर. सव्वीस वर्षं. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा बांध, बांधाला लोखंडी फाटक, फाटकाला चाक, चाकाला मी. ओहोटी लागली की फाटक उचलायचं, आतलं पाणी बाहेर. भरती लागली की पाडायचं, बाहेरचं पाणी बाहेरच. एकशे चाळीस वेढे वर, एकशे चाळीस वेढे खाली, आणि भरती रोज पाऊण तास उशिरा येणार, म्हणजे समुद्राची ड्यूटी बदलली की माझी बदलली. लग्नात फोटो काढायच्या वेळी मी फाटकावर होतो. ही एकटीच उभी आहे फोटोत, बाजूला रिकामी खुर्ची.

बांधाच्या आत सखल जमीन. पूर्वी तिथे दलदलच होती म्हणे, खारं गवत, चिखल, पक्षी. मग कुणीतरी बांध घातला, जमीन कोरडी केली, आणि आमचे वडील तिथे राहायला आले. चार घरं. दोन रिकामी, एक माझं, एक दादाचं, पाठीला पाठ लावून, मधली भिंत एकच. दादा होड्या बांधतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, वहिनी गेल्यापासून एकटा, घराला लागून शेड आणि शेडमध्ये दिवसभर रंधा. भिंतीपलीकडे रंधा थांबला की ही इकडे वाढायला घ्यायची, म्हणजे भाऊजी जेवायला येणार.

तर सहा वर्षांपूर्वी निघाली ती भागीदारी. खाडीकाठच्या सहा गावांची. पूर येतो तो काही गाव विचारून येत नाही, तेव्हा सहाही गावांनी मिळून काय ते करायचं, प्रत्येक गावाचे दोन सभासद. आमच्या गावातून एक औषधाच्या दुकानाचा मालक, आणि दुसरा म्हणून 'स्थानिक अनुभव' या रकान्यात मी. पहिलं वर्ष भागीदारीचं नाव ठरवण्यात गेलं. दुसरं वर्ष, पूर कुणामुळे येतो यात गेलं. वरचं गाव म्हणतं, पाऊस पडतो त्याला आम्ही काय करणार. खालचं म्हणतं, समुद्र चढतो त्याला आम्ही काय करणार. मधली चार म्हणतात, आम्ही तर बाबा मध्येच आहोत. तिसऱ्या वर्षी एक तरुण इंजिनिअर आला, बगलेत नकाशांच्या गुंडाळ्या, आम्ही त्याला नकाशेबुवाच म्हणायला लागलो. तो आपला प्रत्येक वाक्यात लवचीकता, लवचीकता. पुरासाठी लवचीकता, किनाऱ्याची लवचीकता. मला दोन बैठका वाटत होतं की हा व्यायाम घेणार आहे.

पण माणूस शहाणा होता, खोटं कशाला बोलू. त्याने टेबलावर दोन ट्रे ठेवले. एकात नुसत्या दोन पट्ट्या उभ्या केल्या, म्हणजे बांध. दुसऱ्यात एक पट्टी काढली आणि तिथे अंघोळीचे स्पंज ठेवले, म्हणजे दलदल. दोन्हीकडे एकेक तांब्या पाणी ओतलं. पट्ट्यांमधलं पाणी सरळ चढलं आणि टोकाला ठेवलेल्या काडेपेटीवरून गेलं. काडेपेटी म्हणजे आमचा बाजार. स्पंजवालं पाणी पसरलं, मुरलं, काडेपेटी कोरडी. "काका," मला म्हणाला, "वरून नदी येते, खालून भरती येते, आणि तुमचा बांध त्यांना बाजूला सरकायला जागाच देत नाही. बांध मध्येच उघडायचा. आतली जमीन पुन्हा दलदल होऊ द्यायची. गवत पाण्याला धरून ठेवतं." मी विचारलं, आतली म्हणजे कुठली? त्याने नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली माझं घर होतं. त्याचं बोट बारीक, तरी दादाची शेडसुद्धा आली त्यात.

त्या दिवशीही मला काही वाटलं नाही. घरी आलो, जेवलो, भरतीला गेलो.

मत घ्यायचा दिवस आला. अकरा जण हजर. औषधवाले आले नाहीत, त्यांचं पोट बिघडलं होतं. आता अख्ख्या गावाला गोळ्या देणारा माणूस, त्याचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडतं, पण जाऊ दे. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त हेडबाई, खडूची सवय गेली पण आवाज तोच. "ठरावाच्या बाजूने?" पाच हात वर. आणि मला तेवढ्यात वाटलं, अरे, विचारायचं राहिलं, दादा तर घर सोडणार नाही, त्याचं काय करणार? शाळेची सवय, विचारायचं तर हात वर. केला. बाई म्हणाल्या, "सहा. विरोधात?" पाच. "ठराव मंजूर." संपलं. चार वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, चहा आला, आणि माझा हात आपला वरच. शेवटी कारकून जवळ आला, अगदी हळू म्हणाला, "काका, खाली घ्या. मोजलाय." घेतला खाली. मुंग्या आल्या होत्या. माझाच हात, पण कुणीतरी सांभाळायला दिलाय असा मांडीवर ठेवून बसलो.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. दादा ओट्यावर बसलेला. मी म्हटलं, दादा, चूक झाली, मी प्रश्न विचारायला हात वर केला होता. तो पटाशीला धार लावत होता, मान वर न करता म्हणाला, "चुकून वर केलास?"

म्हटलं, हो.

"मग चुकून खाली का नाही घेतलास?"

आता याला काय उत्तर देणार? तुम्ही काय दिलं असतं? उत्तर होतं माझ्याकडे, पण ते ओट्यावर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीला मी बांधाच्या आतल्या पायथ्याशी पाणी येताना पाहिलं होतं. बोटभर धार. स्वच्छ. मी तिच्यावर पाय दाबून उभा राहिलो, भरती उतरेपर्यंत, दोन तास, जसं काही माझा पाय काढला की समुद्र आत येणार होता. वर कळवलं, तर उत्तर आलं, नोंद घेतली आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षी बाजारात पाणी शिरलं तेव्हा आमची ही दवाखान्यात आया होती, बाळंतिणींचा विभाग तळमजल्यावर. शेजारच्या बेकरीतून पावाचे क्रेट आणले आणि त्यात बाळं ठेवून या आयांनी जिन्याने गच्चीवर नेली. सात बाळं. ही घरी आली तेव्हा नुसती हात असे समोर धरून बसली होती, क्रेटच्या रुंदीइतके. तर ते हात मला दिसत होते बैठकीत. म्हणून माझा खाली आला नाही. हे दादाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जेवायला येतोस ना? तो आत गेला आणि दार लावलं.

मग अबोला. भिंत एकच हो, त्याचा खोकला आम्हाला ऐकू येतो, आमच्या कुकरची शिट्टी त्याला, पण बोलणं बंद. जे सांगायचं ते हिच्यामार्फत. मी समोर, दोन हातांवर, आणि हा हिला सांगणार, "त्याला सांग, त्याच्या फाटकाचं चाक कुरकुरतंय." ही माझ्याकडे वळणार, "चाक कुरकुरतंय म्हणे." मी म्हणणार, त्याला सांग, ऐकलं. सहा गावं एका टेबलावर बसली, आम्ही दोघं भाऊ एका पाटावर बसेना.

सहा महिन्यांनी बांध उघडला. पोकलेन आलं, भाषणं झाली, नकाशेबुवाने डोक्यावर पिवळी टोपी घातली. त्याच्या आधी मला फाटक शेवटचं पाडायला सांगितलं, कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं, बाजूने तर खिंडार पडणार होतं. पण मी पाडलं. एकशे चाळीस वेढे. मग पोकलेनने दोन तासांत बांधाचा घास घेतला आणि पाणी आत आलं, घाई नाही, गडबड नाही, घरचं माणूस गावाहून यावं तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काही वाटलं नाही. मी चाकाला ग्रीस लावत होतो.

आम्हाला उंचावरच्या नव्या इमारतीत जागा मिळाली, तिसरा मजला. दादालाही मिळाली, समोरासमोर. तो आला नाही. त्याची शेड उंच जोत्यावर, पाणी पायरीपर्यंतच यायचं. नोटिसा तीन आल्या, तिन्ही त्याने सरसाच्या डब्याखाली घातल्या. रोज ही डबा घेऊन जायची, चिखलातून, साडी खोचून. मी पायवाटेच्या टोकापर्यंत जायचो आणि तिथे उभा राहायचो. हिला विचारायचो, काही म्हणाला? ही म्हणायची, "मीठ कमी आहे म्हणाले."

आणि मग आला तो पाऊस. तीन दिवस वर डोंगरात कोसळत होता, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तीनची उधाणाची भरती. नदी वरून, समुद्र खालून. बाजारात लोकांनी दुकानं रिकामी केली, दवाखान्यात क्रेट काढून ठेवले. आम्ही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, हिच्या कानाला दवाखान्याचा फोन. पाणी आलं, बांधाच्या खिंडारातून आत वळलं, गवतावर पसरलं, आणखी पसरलं... आमच्या जुन्या घराच्या खिडक्या बुडाल्या. माझ्या खिडक्या बुडताना मी बघत होतो, आणि विश्वास ठेवा, मला काही वाटलं नाही. ही म्हणाली, "भाऊजी."

एवढंच म्हणाली. मी खाली उतरलो, फाटकाच्या कामाची होडी खाली बांधून ठेवली होती, ती सोडली. दादानेच बांधलेली. गवताच्या शेंड्यांवरून वल्हवत गेलो. शेडचं दार उघडं. दादा कामाच्या टेबलावर मांडी घालून बसलेला, मांडीवर हत्यारांची पेटी, जोत्यावर गुडघाभर पाणी. म्हटलं आता शिव्या देईल. चौदा महिन्यांच्या साठलेल्या. तो माझ्याकडे बघेना, खांबाकडे बघत होता. खांबावर पेन्सिलीच्या रेघा. दर पंधरा मिनिटांनी पाण्याची एक रेघ ओढली होती त्याने, सुतारी पेन्सिलीने, खाली वेळ घालून. मग खांबाशीच बोलावं तसं म्हणाला, "पाऊण तास झाला. रेघ तीच आहे."

मी होडी खांबाला टेकवली.

"बाजार?"

म्हटलं, कोरडा.

"दवाखाना?"

म्हटलं, कोरडा. बाळं तळमजल्यावरच आहेत.

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. मग म्हणाला, "हे बाळांचं सांगायचं होतंस तेव्हा. मी काय हात धरला असता तुझा?" आणि पेटी माझ्याकडे देऊन होडीत उतरला. वाटेत एकदाच बोलला, वल्हं नीट धर म्हणाला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, पावसाने. पावसाने असं मी म्हणतो. ही खिडकीतून बघत होती, ती म्हणते, पाऊस अडीचलाच थांबला होता.

झालं. शेड गेली. दादा समोरच्या जागेत राहायला आला, म्हणजे झोपायला समोर, बाकी दिवसभर आमच्याकडे. भागीदारीने मला प्रमाणपत्र दिलं, 'दूरदृष्टीपूर्ण मतदानाबद्दल'. औषधवाल्यांनाही दिलं. पुढच्या खिंडाराचा ठराव आलाय, या वेळी पाचव्या गावात, आणि पाचव्या गावाच्या सभासदाचं पोट आत्तापासून दुखायला लागलंय.

दलदलीत आता गवत कमरेइतकं झालंय. परवा सकाळी दादा खिडकीत चहा घेत होता, म्हणाला, पक्षी आलेत. लांब चोचीचे. मी विचारलं, कुठले रे? म्हणाला, "मला काय विचारतोस? तुझी दलदल आहे."

आणि तेव्हापासून हे सुरू झालंय बघा. घरात काहीही ओलं झालं की ते माझं. न्हाणीघराचा नळ गळला, तुझी दलदल. वरच्या मजल्यावरून भिंतीला ओल आली, तुझी दलदल. काल हिच्या हातून कळशी कलंडली, स्वयंपाकघरभर पाणी, मी म्हटलं, अरे, ही तर हिने... ही शांतपणे पाय वर घेऊन बसली. दादाने फडकं आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, पूस.

पुसलं. काय करणार? भागीदारी सहा गावांची आहे हो, पण पुसायला मी एकटाच.