धनजची गाडी

बातमी आली तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. धाकट्या अनंताचा फोन होता. "दादा, स्टँडवर भोंगा लागून राह्यला. आता गाड्या पुकारतीन."

अनंताला दिसत नव्हतं. आंधळ्या माणसाला प्रत्येक गाडीचं नाव दुसऱ्याला विचारावं लागू नये, म्हणून तो आणि त्याचे तसेच मित्र भोंग्यासाठी एसटीच्या कचेरीत कित्येक दिवस खेटे घालत होते.

पहिली गाडी पुकारताना ऐकायला आम्ही दोघं कामरगाव स्टँडवर गेलो. मी चहा सांगून आलो, तर अनंता जागेवर नाही.

पानवाला खुशीत म्हणाला, "धनजच्या गाडीत बसवून देलं त्याले. खिडकीपाशी जागाबी करून देली."

"अरे, त्याले कुठंच जायचं नोतं."

"तो तेच म्हणून राह्यला होता. आमाले वाटलं, लाजते."

गाडी वळणाआड गेली आणि भोंगा बोलू लागला. लगेच अनंताचा फोन.

"दादा, कोणती पुकारली?"

"तुहीच. धनजची."

"मी उतरतो म्हनतो, तर लोक म्हनतात, घाबरू नका, धनज आलं का आमी सांगतो."

त्या दिवशी तो धनजहून परस्पर घरी आला. पुन्हा एकदा स्टँडवर जाऊ, असं ठरलं होतं. त्याआधीच तो आजारी पडला आणि गेला. भोंगा ऐकायचा राहिला.