खाऱ्या तळ्यातला तारामासा

मूळ गाव आमचं वैराग. साळा दुसरीपतोर, पुढं मास्तरचं आन माझं जमलं न्हाय. सोलापुरात येऊन एका दुकानात काचा कापाया लागलो, काचेच्या पेट्या करता करता पेटीतल्या माशांचा नाद लागला, आन काय सांगू तुमाला, चाळीस वरसं या गावात कुनाच्या माशांचं काय बिघडलं की लोक माझ्याकडंच यायचे. मासा नुसता बघून सांगतो मी, ह्याचं पोट बिघडलंय का पानी. माझ्यापुढं कोन न्हवतं. व्हय, न्हवतंच.

मग आला दत्ता. माझा धाकटा भाऊ, सख्खा. जलमभर रत्नागिरीकडं बर्फाच्या कारखान्यात होता, सुटी मिळाली की ओहोटीला खडकातली डबकी धुंडाळायचा, रिटायर होऊन माझ्या शेजारीच ऱ्हायला आला. यायचं तर ये की. पर लहान पोरांच्या एक डॉक्टरीणबाई हायत, त्यांच्या दवाखान्यातली पेटी मीच बघायचो, त्या कोकनात फिरून आल्या आन म्हनल्या, काका, खडकातल्या डबक्यात किती प्राणी असतात हो, तसलं वीतभर खोल खाऱ्या पाण्याचं तळं बसायच्या खोलीत करू, मुलं वाकून बघतील, सुई विसरतील. मी म्हनलं करू की. घरी येऊन बोललो, तितं दत्ता जेवत बसला होता. हात धुवून म्हनला, अण्णा, मीबी येतो. झालं, घुसला.

तळं मी बांधलं, काच माझी, सांधा माझा, थेंब गळला न्हाय. पर आत सोडायचं काय, तितं ह्याचं सुरू. मी म्हनलं रंगीत मासे सोडू, पिवळे, निळे. दत्ता म्हनला, अण्णा, वीतभर पान्यातनं ते उडी मारून फरशीवर पडतील, आन आपल्याकडं पानी तापतंय, हितं सोसनारंच जनावर पायजे, ओहोटीला उन्हात पडून ऱ्हातंय आन मरत न्हाय असलं. मग त्यानं निवडलं काय, तर शंखात ऱ्हानारे बारके खेकडे, दगडावरचं शेवाळ खानाऱ्या गोगलगायी, आन तळाला बसून ऱ्हानारा एक मातकट मासा. मातकट! मी म्हनलं, असली जनावरं आमच्या नाल्यातबी गावतील की. बाई मात्र तासतासभर त्याच्याशीच बोलत. मी फोन केला तर म्हनायच्या, धाकटे काका आहेत का? एवढ्या वरसांत मी कधी थोरला काका न्हवतो, एकटाच काका होतो मी.

सोसलं न्हाय मला, खोटं कशाला बोलू. बाईंना तारामासा पायजे होता, आन दत्ता म्हनला होता, इतक्यात नको, तळं नवं हाय, तारा लई नाजूक, पान्यात जरा फरक पडला तर जातो. मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडनं मागिवला, तांबडा, पाच हातांचा, पंजाएवढा, आन दत्ता गावाला गेलेला बघून सोडला. बाई काय खूश! काका, तुम्हीच खरे, म्हनल्या. दोन दिस जेवन ग्वाड लागलं मला.

पर उन्हाळ्याचे दिवस, पानी रोज बोटभर आटायचं. दत्तानं जाताना सांगितलं होतं, आटलं की गोडं पानी घाला, पानी उडतंय, मीठ खालीच ऱ्हातंय. मी मनात म्हनलं, खाऱ्या जनावराला गोडं पानी? हा मला फसवतोय, माझ्या हातनं मरावीत आन ह्यानं मोठं व्हावं. असं आलं मनात, सख्ख्या भावाबद्दल. रोज मीठ कालवून घातलं. आठवड्यात ताऱ्याचे हात गळाया लागले, खेकडे शंखाबाहीर येईनात.

दत्ता आला, पान्यात बोट बुडवून जिभेला लावलं, माझ्याकडं बघितलं आन बादली उचलली. दिसभर बसून थोडं थोडं गोडं पानी घालत ऱ्हायला. खेकडे, गोगलगायी वाचल्या, तो मातकटबी वाचला. तारा गेला. बाई म्हनल्या, कुणाचं चुकलं? दत्ता म्हनला, आमा दोघांचं.

आता सांगा तुमी, चूक माझी, तीबी निम्मी घेऊन गेला की!

आता गोड्या पान्याची बादली मी नेतो, जनावर दत्ता निवडतो, मी हूं म्हनतो. बाई अजून धाकट्या काकांनाच इचारत्यात. देव त्याला माझं औक्ष देवो, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतंय, हे त्याच्या तोंडावर मी मरोस्तर बोलनार न्हाय. पर तुमी लिवताय तर नीट लिवा. तारा मी सोडला, मीठ मी घातलं. निम्मं न्हाय, समदं माझं.